ब्रुअरीच्या नकाशावरचे ठिपके आणि शेवटची गाडी

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच मुलखाबद्दल आहेत: जर्मनीतल्या बव्हेरियाच्या उत्तरेकडचा फ्रांकेन. न्यूर्नबर्ग आणि एर्लांगेनला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींकडे मे-जूनमध्ये देशातून पाहुणे येतात आणि मग ब्रुअरीचा नकाशा उघडला जातो. एकट्या ओबरफ्रांकेन विभागात सुमारे २०० ब्रुअऱ्या आहेत. त्यामुळे पहिल्या पत्रातला गोंधळ अगदी रास्त आहे.

प्रश्न: पुण्याहून तीन मित्र येणार आहेत. आम्हाला चार दिवस डोंगर-जंगल तुडवायचंय आणि वाटेत बिअर प्यायचीय. नकाशा उघडला तर ठिपकेच ठिपके. सुरुवात कुठून करायची? (एर्लांगेन)

ठिपक्यांपासून सुरुवात करू नका. आधी रेल्वेचे फाटे बघा. ठिपका एवढंच सांगतो की इथे बिअर तयार होते. ती इथे बसून प्यायला मिळते का, कोणत्या वारी मिळते आणि प्यायल्यावर घरी कसं जायचं, यातलं तो काहीच सांगत नाही. काही ठिपके नुसत्या कारखान्याचे असतात, तिथे दुकानातून क्रेट विकत मिळतो पण बसायला बाक नसतो. काही ब्रुअऱ्यांचं गावात एक खाणावळवजा गास्टहाउस असतं आणि गावाबाहेर टेकडीवर झाडाखाली वेगळं केलर, म्हणजे बिअर प्यायची उघड्यावरची जागा. ठिपका गावात, बिअर टेकडीवर. काही जागी बिअर करणं कधीच थांबलेलं असतं, पाटी तेवढी जुनी.

फ्रेंकिशे श्वाइत्स म्हणजे न्यूर्नबर्ग, बाम्बेर्ग आणि बायरॉइट यांच्यामधला चुनखडीच्या कड्यांचा टापू. त्यात शिरणारे दोन फाटे तुमच्या कामाचे. एक न्यूर्नबर्गच्या नॉर्डओस्ट स्थानकातून ग्रेफेनबेर्गला जातो, दुसरा फोर्खहाइमहून एबरमानश्टाटला. नॉर्डओस्टला मुख्य स्थानकातून यू-२ ही भुयारी गाडी जाते. दोन्ही फाट्यांवरच्या स्थानकांभोवती पाच-सहा किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यात पडणारे ठिपके ठेवा, बाकीचे या खेपेला विसरा.

मग उरलेल्या प्रत्येक ठिपक्यासाठी वहीत चार गोष्टी लिहा: सुटीचा वार, गरम जेवणाची वेळ, केलर वेगळं आहे का, आणि रोख लागते का. सुटीच्या वाराला तिथे रूहेटाग म्हणतात. बहुतेकांचा सोमवार किंवा मंगळवार, कित्येकांचे दोन्ही. काहींचा मध्येच बुधवार किंवा गुरुवार निघतो आणि बेत तिथेच कोसळतो. गरम जेवण साधारण साडेअकरा ते दोन आणि पुन्हा संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळेत ब्रेड, चीज, गार मांस एवढंच. ऑगस्टमध्ये किंवा शाळांच्या सुट्यांत दोन-तीन आठवडे सगळंच बंद ठेवायचीही पद्धत आहे, दारावर 'बेट्रीब्सउरलाउब' अशी चिठ्ठी असते. सार्वजनिक सुटी सोमवारी आली तर उघडं राहून मंगळवारी बंद, असंही चालतं. नकाशावर दिलेल्या वेळांवर विसंबू नका. ब्रुअरीच्या स्वतःच्या पानावर बघा आणि आदल्या दिवशी सरळ फोन करा. 'हॉयटे ऑफेन?' (आज उघडं आहे का?) एवढ्या दोन शब्दांवर काम भागतं.

हे झालं की चालण्याचा हिशेब. नकाशावर दोन ठिपक्यांत सरळ रेषेत तीन किलोमीटर दिसतात, पण मध्ये दरी असली की पायवाट पाच होते. जर्मन वाटाड्या पाट्यांवरच्या वेळा ज्या सूत्राने काढतात तेच वापरा. सपाटीला ताशी ४ किमी, चढाला ताशी ३०० मीटर, उताराला ताशी ५०० मीटर. सपाटीचा वेळ एकीकडे, चढ-उताराचा दुसरीकडे. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा निम्मा मिळवायचा. उदाहरणार्थ १० किमी, ३०० मीटर चढ, २५० मीटर उतार. सपाटीचे अडीच तास. चढाचा एक आणि उताराचा अर्धा, मिळून दीड. अडीचमध्ये पाऊण मिळवा: सव्वातीन तास. यात बसणं धरलेलं नाही. जेवणासह एका जागी सव्वा तास आणि नुसत्या बिअरला पाऊण तास धरा. म्हणजे तीन ब्रुअऱ्या आणि दहा किलोमीटर यांना सहा तास लागतात. दिवसाला तीनच ठेवा असं आम्ही म्हणतो ते यामुळे. चौथी घातली की तिचा वेळ शेवटच्या गाडीच्या वेळेतून जातो.

आणि म्हणून वेळापत्रक उलटं लिहा. शेवटची गाडी किती वाजता, तिच्या आधीची किती वाजता. आधीची ती तुमची गाडी, शेवटची राखीव. तिथून मागे मागे येत सकाळपर्यंत या.

तिकिटाचं थोडक्यात. न्यूर्नबर्गच्या व्हीजीएन वाहतूक संघाचं 'टागेसटिकेट प्लुस' सहा जणांना चालतं, पण त्यात अठरा वर्षांवरचे दोघेच. तुम्ही चौघे, तेव्हा दोन तिकिटं. शनिवारी काढलं तर तेच रविवारीही चालतं, ही खरी बचत. लांब जायचं असेल तर पाच जणांपर्यंतचं बायर्न-टिकेट. ते सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच वापरता येतं. डॉइचलांडटिकेट २०२६च्या जानेवारीपासून महिना ६३ युरो आहे आणि ते महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. चार दिवसांच्या पाहुण्यांना ते घ्यायला लावू नका.

प्रश्न: 'फ्युन्फ-झाइडला-श्टाइग' एका दिवसात पुरा होतो का? (न्यूर्नबर्ग)

चालून होतो. पाचही जागी अर्धा-अर्धा लिटर पिऊन होतो का, हा वेगळा प्रश्न.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झाइडला म्हणजे फ्रांकेनमधला अर्ध्या लिटरचा मग. वाइसेनोहेची मठाची ब्रुअरी, ग्रेफेनबेर्गमधल्या लिंडेनब्रॉय आणि फ्रीडमान, टुइसब्रुनची एल्खब्रॉय आणि होहेनश्वेर्त्सची होफमान अशा पाच ब्रुअऱ्या जोडणारी ही वाट. एका बाजूने साधारण १० किमी. वाइसेनोहे आणि ग्रेफेनबेर्ग ही दोन्ही रेल्वेची स्थानकं. टुइसब्रुन आणि होहेनश्वेर्त्सला रेल्वे नाही.

बहुतेक जण वाइसेनोहेला उतरून तिथेच पहिला मग मागवतात. मग ग्रेफेनबेर्गला दोन, आणि दुपारी तीन वाजता जड पायांनी रेल्वेपासून सर्वांत लांबच्या गावी पोचतात. परतीला अंधार, चढ, आणि गाडीची घाई. याच्या उलट करा. सकाळी साडेनऊच्या सुमारास ग्रेफेनबेर्गला उतरा, पाण्याशिवाय काही न पिता थेट टुइसब्रुन गाठा. बारा वाजता, स्वयंपाकघर चालू असताना, तिथे जेवण आणि पहिला मग. मग होहेनश्वेर्त्सला होफमानची गडद बिअर. तिथून ग्रेफेनबेर्गला परत, आणि स्थानक हाकेच्या अंतरावर असताना तिसरा. वाइसेनोहे फक्त अंगात त्राण आणि हातात वेळ असेल तर. ते पुढचं स्थानक असल्याने गाडी तिथेही पकडता येते. परतीसह हा दिवस १६ ते २० किमीचा होतो.

छोटा मग मिळतो का, असंही तुम्ही विचारलंय. 'श्निट' मागा. जोरात ओतलेला, निम्म्याहून जास्त फेस असलेला मग येतो, बिअर कमी आणि पैसेही कमी. पण तो शेवटचा म्हणून मागायची रीत आहे. बसल्याबसल्या पहिलाच श्निट मागितला तर वाढणारी बाई एकदा तुमच्याकडे बघेल.

तुम्ही किती मग प्यालात ते मगाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीच्या रेघांनी मोजतात. हिशेब त्या चकतीवरच होतो, तेव्हा ती आठवण म्हणून खिशात घालू नका. ज्या टेबलावर 'श्टामटिश' अशी पाटी आहे ते गावातल्या नेहमीच्या मंडळींचं. रिकामं असलं तरी तिथे बसायचं नाही.

एक सावधगिरी: ईस्टरनंतर ३९व्या दिवशी येणाऱ्या गुरुवारी, क्रिस्टी हिमेलफार्टला, जर्मनीत 'पितृदिन' असतो. पुरुषांचे घोळके बिअरने भरलेली हातगाडी ओढत रानात निघतात. त्या दिवशी या वाटेला जाऊ नये.

प्रश्न: आई-बाबा सोबत आहेत. दोघेही पीत नाहीत आणि शाकाहारी आहेत. त्यांना घेऊन जाण्यात अर्थ आहे का? (बाम्बेर्ग)

नक्की आहे, पण गास्टहाउसऐवजी केलर निवडा. पूर्वी बिअर थंड राहावी म्हणून टेकडीत खडक पोखरून तळघरं केली, वर सावलीला लिंडेन आणि चेस्टनटची झाडं लावली. त्या झाडांखाली आज बाकं आहेत. फ्रांकेनचे लोक केलरमध्ये जात नाहीत, केलर'वर' जातात, ते यामुळे. तुमच्या बाम्बेर्गमध्येच विल्डे-रोझ आणि श्पेत्सिआल यांची केलरं आहेत. फोर्खहाइमच्या केलरवाल्डात तर एकाच जंगलात वीसहून अधिक.

केलरवर आणि बव्हेरियन बिअर गार्डनमध्ये आपलं खाणं आणून खायची जुनी परवानगी आहे. पेय मात्र तिथलंच घ्यायचं. म्हणजे मेथीच्या दशम्या, चटणी, काकडी बिनदिक्कत न्या. तरी एकदा विचारून घ्या, आणि ज्या टेबलावर टेबलक्लॉथ असेल तिथे डबा उघडू नका. तो भाग वाढप्यांचा.

तिथलंच खायचं असेल तर फसवे पदार्थ ओळखा. 'क्लोस मिट सोस' म्हणजे बटाट्याचे मोठे गोळे आणि रस्सा. गोळे शाकाहारी, रस्सा भाजलेल्या डुकराचा. आंबवलेल्या कोबीत बहुधा चरबी असते. परतलेल्या बटाट्यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, म्हणून 'ओने श्पेक' (ते तुकडे नकोत) असं आधीच सांगायचं. बटाट्याच्या सॅलडमध्ये कधी कधी मांसाचं पाणी घालतात. बिनधास्त मागवण्यासारखं: गेरुप्टर, म्हणजे लोणी-कांदा-पॅप्रिका घालून कालवलेलं मऊ चीज, त्सीबेलेसकेस, हे आपल्या चक्क्याच्या जवळचं, वर कांदा, आणि केसेश्पेत्सले, ज्यावर तळलेला कांदा येतो, पण तिथेही श्पेक नको असं सांगा.

प्यायला सफरचंदाचा रस आणि सोडा यांचं आप्फेलशोर्ले, किंवा कोला-संत्र्याचं श्पेत्सी. 'आल्कोहोलफ्राय' बिअरमध्ये ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं. अजिबात नको असेल तर ०.० लिहिलेलीच मागा. साधं नळाचं पाणी फुकट देण्याची तिथे पद्धत नाही, बाटलीचे पैसे पडतात.

बाबांना बिअर नको असली तरी बाम्बेर्गच्या श्लेंकेर्ला या ब्रुअरीच्या दारात एकदा उभं करा. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची ती राउखबिअर आहे, आणि आत शिरल्यावर नाकाला पहिलं तेच समजतं.

प्रश्न: एक जण दोनच मग पिऊन गाडी चालवेल, असं ठरवलंय. चालेल ना? (फ्युर्ट)

नाही. आकडे बघा. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात एका मगाने सुमारे ०.४ प्रोमिल (हजारात किती भाग, याचं माप) अल्कोहोल चढतं, ६० किलोच्या स्त्रीच्या ०.५५च्या आसपास. उतरतं तासाला ०.१ ते ०.१५. चालल्याने, कॉफीने, पोटभर जेवल्यानंतर पळापळ केल्याने हा वेग वाढत नाही. दोन मग जेवणासह दीड तासात प्यायले तर मर्यादा ओलांडली जाते. जर्मनीत ती मर्यादा ०.५ आहे. पहिल्या खेपेला ५०० युरो दंड, परवान्यावर दोन दंडगुण आणि महिनाभर परवाना जप्त. ०.३ वरही गाडी वाकडी गेली किंवा अपघात झाला तर तो गुन्हा ठरू शकतो. २१ वर्षांखालच्यांना आणि परवाना मिळून दोन वर्षं न झालेल्यांना तर शून्य. शरद ऋतूतली बॉक बिअर साडेसहा-सात टक्क्यांची असते, तिथे एकाच मगात मर्यादेजवळ पोचता.

सायकलसाठी १.६ प्रोमिल ही सीमा, पण पडलात-धडकलात तर त्याआधीही गुन्हा. भाड्याच्या ई-स्कूटरला गाडीचाच नियम. खेड्यात टॅक्सी रस्त्यावर मिळत नाही, सकाळीच फोन करून ठरवावी लागते.

प्रश्न: आउफसेसच्या चार ब्रुअऱ्यांचा फेरा गाडीशिवाय जमेल का? (एर्लांगेन)

जमवावा लागतो. दीड हजारांहून कमी वस्तीच्या या ग्रामपंचायतीत चार ब्रुअऱ्या, म्हणून २००० साली गिनेस बुकात नोंद झाली: आउफसेसची रोथेनबाख, हेकेनहोफची काटी-ब्रॉय, होखश्टालची राइखोल्ड आणि साख्सेनडोर्फची श्टाटर. फेरा साधारण १४ किमी, चढ सौम्य, चारही शिक्के मारलेलं कार्ड दाखवलं की प्रमाणपत्र मिळतं. अडचण फक्त पोचण्याची. उन्हाळी हंगामात शनिवार-रविवारी सहलीच्या खास बस असतात, पण परतीच्या मोजक्याच. सर्वांत सोपं म्हणजे चारपैकी एखाद्या गावात रात्री खोली घेणं. फेरा कुठूनही सुरू होतो, मग मुक्कामाच्या ब्रुअरीवरच संपवा. काटी-ब्रॉयवर रविवारी मोटरसायकलवाल्यांची तोबा गर्दी असते. शांतता हवी तर शुक्रवार बघा, आधी सुट्या तपासून.

प्रश्न: आम्ही सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो. तिथे काय? (पुणे)

तुम्ही नकाशा बाजूला ठेवा, कड्यांचं गाइडबुक आधी घ्या. या टापूला गिर्यारोहक फ्रांकेनयुरा म्हणतात. १९७५ मध्ये कुर्ट आल्बेर्टने इथेच दोरीला न लटकता चढलेल्या वाटांच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायला सुरुवात केली, आणि १९९१ मध्ये वोल्फगांग ग्युलिखने 'आक्शन दिरेक्त' चढली. बेसॉल्टच्या भेगा-कपारींची सवय असलेल्या बोटांना इथली चुनखडीतली एका-दोन बोटांची भोकं जड जातात. आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या खाली सुरुवात करा. कडे बुटके, बहुतेक ठिकाणी ६० मीटरचा दोर पुरतो. वसंतात ससाण्याच्या आणि घुबडाच्या घरट्यांमुळे काही कडे बंद असतात, पायथ्याशी पाटी असते. 'झोन १' लिहिलेलं असेल तिथे केव्हाच चढायचं नाही. बिअर दोर गुंडाळल्यावर. दुपारच्या जेवणाला 'एकच' घेऊन पुन्हा बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, उभं राहणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

प्रश्न: कोणता महिना बरा? (म्युन्शेन)

एप्रिलच्या उत्तरार्धात चेरीचा फुलोरा, प्रेत्सफेल्डच्या बाजूला. केलरं मे ते सप्टेंबर, तीही हवा चांगली असेल तर. पाऊस आला की फाटक बंद, नकाशात काहीही लिहिलेलं असो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बॉक बिअर आणि पानगळ, पण अंधार लवकर, म्हणून डोक्याला लावायची बॅटरी. जुलैअखेर फोर्खहाइमचा आनाफेस्ट. गर्दी आवडत असेल तरच.

प्रश्न: गोचिडांबद्दल ऐकून पाहुणे घाबरलेत. (एर्लांगेन)

घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. हा भाग गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीचा आहे. त्याच्या लसीचे पहिले दोन डोस एरवी एक ते तीन महिन्यांच्या अंतराने देतात, म्हणजे पाहुण्यांनी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना विचारायला हवं. गोचिडीमुळेच होणाऱ्या लाइम नावाच्या दुसऱ्या आजारावर ही लस चालत नाही. पूर्ण पँट, मोज्यात खोचलेली, फिकट रंगाची. रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टर.

प्रश्न: मित्रांना बाटल्या देशात न्यायच्यात. किती? (न्यूर्नबर्ग)

भारतात प्रत्येक प्रौढाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, बिअर त्यातच मोजली जाते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, आणि त्यावर विमानतळावरची व्हिस्की नाही. काचेसकट एक बाटली जवळजवळ ९०० ग्रॅम भरते. चेक-इन सामानात, प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग कपड्यांत. केलरबिअर गाळलेली नसते, उन्हाळ्यात लवकर बिघडते. न्यायची असेल तर राउखबिअर किंवा बॉक न्या आणि निघायच्या आदल्या दिवशीच घ्या. साध्या बाटलीवर ८ सेंट आणि खटक्याच्या बुचाच्या बाटलीवर १५ सेंट अनामत असते, ती अर्थात गेली. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आहे, तेव्हा धाकट्या चुलतभावासाठी श्पेत्सी.